पात्याला पाणी देणारी माणसे

बुद्धगयेचे दर्शन आटोपल्यावर आमच्यातले निम्मे लोक लुंबिनीकडे निघाले. आम्ही पाच जण मात्र जोगबनीची सीमा ओलांडून, विराटनगरमार्गे पूर्व नेपाळातल्या धरानला गेलो. आमच्यातल्या एका काकांचे आयुष्य कारखान्यात लोखंडाशी झुंजण्यात गेले. खुकरी हाताने कशी घडते, ते त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

घणाच्या आवाजाचा माग काढत आम्ही एका पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा कोळशाच्या भट्टीत लाल होत होता. मिस्त्री तो सांडशीने ऐरणीवर धरी, मुलगा घण घाली. साचा नाही, आखणी नाही. वाक येतो तो नजरेच्या अंदाजाने! कुणाला शेतीला हवी, कुणाला स्वयंपाकघरात, तर कुणाला नुसती भिंतीवर लावायला. तशी लांबी आणि वजन बदलते. मूठ शिसवी लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची, आतून लाखेने पक्की केलेली.

पण खरी करामत शेवटी. पाते पुन्हा तापवले आणि मिस्त्रींनी चक्क चहाची किटली उचलली. तोटीतून पाण्याची बारीक धार फक्त कापणाऱ्या कडेवर फिरवली. कड कणखर झाली, पाठ मात्र नरम राहिली. सगळे पाते सारखेच कणखर केले तर घाव घालताना ते तुटायचे. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हे लोक कामी जातीचे, आडनाव बहुधा विश्वकर्मा. म्यानावर चामडे चढवणारे सार्की. १८५४ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे तिथल्या कायद्याने, दोघांनाही पाणी न चालणारे ठरवले होते. दशैंच्या सणात खुकरी पुजायची आणि ती घडवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे! १९६३ च्या नव्या ऐनातून ही उतरंड गेली. २०११ साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा वेगळा कायदाही झाला. डोंगरातल्या गावांत वर्षभर विळे-कोयते करून द्यायचे आणि सुगीला धान्य घ्यायचे, त्याला 'बाली' म्हणतात. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे तर आपले बलुते! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, ते अशाच जोखडाविरुद्ध.

उन्हाने घसा कोरडा पडला होता. आम्ही पाणी मागितले, तर मिस्त्रींच्या पत्नीने मुलाला दुकानातून बाटली आणायला पिटाळले.

"दिदी, घरचेच द्या ना," आमच्यातल्या ताई म्हणाल्या.

ती माउली थबकली. मग मोडक्या हिंदीत आम्ही आमची ओळख सांगितली. पाण्यासाठी महाडला काय करावे लागले, तेही. तिने तांब्या घासला आणि भरून आणला. मागोमाग चहाही आला.

काकांनी घरासाठी भाजी चिरायची सुरी सांगितली. पात्यावर बाजारातल्या दुकानाचे नाव ठोकायची तिथे रीत. काका म्हणाले, "दाइ, तुमचे नाव घाला." मिस्त्री हसले, मग गंभीर झाले. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने कागदावर अक्षरे काढून दिली आणि त्यांनी ती एकेक करून छिन्नीने कोरली.

सुरी आता काकांच्या घरी आहे. काकू तिने भोपळा चिरतात. नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळे नातवंडेही ते नाव घडाघडा वाचतात.