वरच्या मजल्याचा कागद

नांदेड, एप्रिलअखेर

चि. श्रीकांत यास,

पत्र लिहिण्यास कारण की, लातूरच्या घराचा वरचा मजला येत्या जूनपासून भाड्याने द्यायचे ठरत असल्याचे कळले, आणि भाडे म्हणजे बसल्या जागचे उत्पन्न हा नव्या घरमालकांत रूढ असलेला समज कागदावर सही होण्यापूर्वीच तपासून घेतलेला बरा.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे येथे मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा नव्हता, तर हैदराबादचा १९५४ चा कायदा चालत असे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि साऱ्या राज्याला एकच कायदा लागू झाला. कायदा बदलला, तरी ‘एकदा शिरलेला भाडेकरू निघत नाही’ ही जुन्या पिढीची धास्ती मात्र गेली नाही, आणि तिच्यावरचा तोडगा म्हणून अकरा महिन्यांचा नोटरीचा कागद नांदेड-लातुरात आजही सर्रास केला जातो. या अकरा महिन्यांचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, कारण एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्याने सक्तीची केली आणि एक महिना कमी करून लोकांनी ती टाळली. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने ही पळवाट बुजवली असून, मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते, शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या कागदाने मालक स्वतःला सुरक्षित समजतो, तोच कागद त्याला उघड्यावर पाडतो.

नोंदणी टाळून वाचणारी रक्कम किती, हेही पाहावे. समजा दरमहा भाडे ८,००० रुपये, मुदत ११ महिने आणि परत करावयाची अनामत २०,००० रुपये आहे. तर ८८,००० रुपये भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले सुमारे १,८३३ रुपये व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे सुमारे २२५ रुपये मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी पडते. आठवड्याच्या भाड्याइतकाही हा खर्च नाही.

कराराचा प्रकारही नीट ओळखावा लागतो. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, तर ‘लीव्ह अँड लायसन्स’ या कराराने केवळ राहण्याची परवानगी मिळते आणि ताबा कायद्याच्या दृष्टीने मालकाकडेच राहतो. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ अन्वये दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे शासनाने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. भाडेपट्ट्यात मात्र थकबाकीची लेखी नोटीस देऊन ९० दिवस उलटल्याखेरीज दावासुद्धा लावता येत नाही.

लातूरची खरी अडचण मात्र याहून वेगळी आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षातयारीच्या पद्धतीने या शहराला जे भाडेकरू मिळवून दिले, ते बहुतांशी बीड, परभणी, हिंगोलीकडून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी आलेले सोळा-सतरा वर्षांचे विद्यार्थी आहेत, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीशी, केलेला करार मुळातच निष्फळ असतो, त्यामुळे सही पालकाचीच हवी, मग खोलीत राहायला मुलगा एकटा येवो की त्याला डबा करून घालायला आईही गावाकडचे घर सोडून येवो. लातूरच्या खाडगाव रस्त्यापासून आमच्या नांदेडच्या श्यामनगरपर्यंत प्रत्येक पाटीवर दिसणारा ‘पेइंग गेस्ट’ हा शब्दही असाच सैल वापरला जातो, कारण मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा भाग दिला असेल, तरच कायदा त्या शब्दाला ओळखतो.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात परीक्षा उरकली की खोल्या ओस पडतात, म्हणून वर्षाचा हिशेब बाराऐवजी दहा महिन्यांचा धरणे शहाणपणाचे ठरते. ८०,००० रुपये हाती आले आणि त्यांतून ६,००० रुपये मालमत्ता कर भरला, तर उरलेल्या ७४,००० रुपयांतून ३० टक्के ठोक वजावट जाऊन ५१,८०० रुपये प्राप्तिकरासाठी उत्पन्न धरले जातात. ही वजावट रंगरंगोटीवर एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते.

राहिला प्रश्न पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात टँकरचे पैसे कोणी द्यायचे हे करारात नसेल, तर पहिल्याच उन्हाळ्यात दोन्ही मजल्यांवर बोलाचाली होणार. भाडे थकले म्हणून वरच्या मजल्याचा पाण्याचा कॉक बंद करण्याचा, किंवा फ्यूज काढून ठेवण्याचा, मोह अनेकांना होतो. कलम २९ ने तो स्पष्टपणे निषिद्ध केला आहे. त्याऐवजी जिन्याखालच्या सबमीटरचा आकडा, पंख्यांची व नळांची संख्या आणि कोणत्या भिंतीचा पोपडा आधीच निघालेला आहे, हे सारे यादीत लिहून, मूल खोलीत शिरण्यापूर्वी, पालकाची सही त्याच यादीवर घ्यावी.

सौ. सूनबाईंस आशीर्वाद. मसुदा तयार झाला की नोंदणीआधी इकडे पाठवावा. कळावे.

— काका