जिथे कॅमेरा नव्हता

संपादकांचा निरोप मोजका होता : ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, फक्त गणित नको.’ आमच्या कामातून गणित वजा केलं तर कॅमेरे, केबली आणि चहाचे कप एवढंच उरतं. तरी जमेल तितकं आवरते.

मंचाभोवती किंवा मैदानाभोवती बरेच कॅमेरे लावायचे आणि नंतर कुठल्याही दोन कॅमेऱ्यांच्या मधून, म्हणजे जिथे कॅमेरा नव्हताच तिथून, दृश्य कसं दिसलं असतं ते तयार करायचं. याला फ्री-व्ह्यूपॉइंट व्हिडिओ म्हणतात. जानेवारी 2001 मध्ये अमेरिकेत टॅम्पाच्या सुपर बोल या फुटबॉल सामन्यात संशोधक ताकेओ कानाडे यांच्या मदतीने तिसेक कॅमेरे लावून खेळाडूभोवती फिरणारे रिप्ले दाखवले गेले, तेव्हा लोक चकित झाले. पण त्यात मधलं चित्र तयार होत नव्हतं. एका खऱ्या कॅमेऱ्यावरून शेजारच्या खऱ्या कॅमेऱ्यावर उडी होती. खरी डोकेदुखी मधल्या जागेत आहे. 2004 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आठ कॅमेऱ्यांतून ती मधली चित्रं काढून दाखवली. त्यांचे ते बॅले आणि ब्रेकडान्सचे तुकडे आमच्या पिढीने इतक्या वेळा पाहिले आहेत, की त्या नर्तकांना रस्त्यात ओळखू.

गेल्या वर्षी एका संस्थेने स्टुडिओत लावणी चित्रित केली. अर्धवर्तुळात कॅमेरे, मागे काळा पडदा. ‘कुठूनही बघता येईल असं करून द्या,’ म्हणून हार्ड डिस्क आमच्याकडे आल्या. व्हिडिओ सगळे होते. प्रत्येक कॅमेरा कुठे उभा, कुठे रोखलेला, भिंग कसलं, रंगांची नोंद, वेळेची नोंद, यांतलं काही नव्हतं. फोनवर उत्तर मिळालं, ‘त्या टेक्स्ट फायली होय? जागा करताना काढल्या. व्हिडिओ तर आहेत ना मॅडम!’

त्या काही किलोबाइटच्या फायली म्हणजेच मेटाडेटा.

कॅमेऱ्यांच्या जागा चित्रांवरूनही शोधता येतात. पण त्यासाठी मागे ओळखता येतील असे ठिपके, कोपरे लागतात, आणि इथे तर काळा पडदा! अंदाजे जागा मिळाल्या. अंदाजाने काय बिघडतं? कॅमेऱ्याची दिशा अंशाच्या दहाव्या भागाने चुकली, तर पाच मीटरवर सुमारे नऊ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे जवळपास अर्धं बोट. चेहऱ्यावर अर्धं बोट सरकलेलं नाक चालत नाही.

निकाल असा आला : बाईंचा चेहरा उत्तम, हात ठीक, नऊवारीचा काठ थरथरतोय आणि पायातली चाळ घोट्यापासून चार बोटं वर हवेत.

चाळच का? दोन कॅमेऱ्यांत एकच बिंदू सापडला की तो किती लांब आहे हे काढता येतं. पण चाळीतली घुंगरं सगळी सारखी. डाव्या कॅमेऱ्यातलं तिसरं घुंगरू उजव्यातल्या चौथ्याशी जुळवलं की संगणकाच्या मते जोडी झकास जमते, फक्त अंतर चुकतं. काठाच्या जरीचं दुखणं निराळं. जरीवरची चमक कापडाच्या एकाच जागी बसत नाही, बघणारा सरकला की तीही सरकते. आम्ही मात्र तिलाच खूण धरून बसतो.

प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर आम्ही डेप्थ मॅप नावाच्या करड्या चित्रात साठवतो. इथे संपादकांनी डोळे मिटावेत. आठ बिटच्या नकाशात 256 पायऱ्या असतात, आणि त्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाटलेल्या असतात. सोबत दोन आकडे लागतात : सर्वांत जवळचं आणि सर्वांत दूरचं अंतर. कुणी आळसाने अर्धा मीटर आणि शंभर मीटर लिहिलं, तर पाच मीटरवर एक पायरी जवळपास वीस सेंटिमीटरची होते. मंच खरोखर तीन ते आठ मीटरमध्येच आहे असं लिहिलं, तर तीच पायरी दोन सेंटिमीटरची. कॅमेरे तेच, बिट तेवढेच. आणि हे दोन आकडे हरवले, तर तो नकाशा नुसता करडा डाग.

आता माझा आवडता वाद. अंतर चित्रीकरणाच्या बाजूला काढून पाठवायचं, की नुसती चित्रं पाठवून बघणाऱ्याच्या यंत्राला काढू द्यायचं? अशा व्हिडिओसाठीच्या एमपेग इमर्सिव्ह व्हिडिओ या मानकात दोन्हींची सोय आहे. दुसऱ्या वाटेने गेलात, तर छोट्या सूचनाही सोबत देता येतात : या चौकटीत मागच्या फ्रेमपासून काही हललेलं नाही, पुन्हा शोधू नकोस, त्या चौकटीत अंतर अमुक ते तमुक यांच्यामध्येच शोध. मी या सूचनांच्या बाजूची आहे. पण त्याहून मोलाची मला वाटते ती ‘इथल्या नकाशावर भरवसा ठेवू नकोस’ ही नोंद. ती असली की यंत्र हुशारी करत नाही, जवळच्या खऱ्या कॅमेऱ्याचे रंग जास्त मानतं. अडचण तांत्रिक नाही. आपला माल कच्चा आहे हे आपल्याच हाताने लिहायला कुणी तयार होत नाही. बैठकीत मी हे बोलले की टेबलाभोवती लोक मोबाइल बघू लागतात.

क्रिकेटमध्ये अशी कबुली दिली जाते, तर लोक पायचीतच्या ‘अंपायर्स कॉल’ला शिव्या घालतात. चेंडू यष्टीला लागणार असं दिसतंय, तरी नाबाद कसा? अहो, तो पुढचा मार्ग कुणी पाहिलेला नाही, तो हिशोबाने काढलेला आहे. निम्म्याहून कमी चेंडू यष्टीवर दिसत असेल तर मैदानावरच्या पंचाचं ऐकायचं, ही अनिश्चिततेची जाहीर नोंद आहे. आमच्या चित्रांत तशी नोंदच नसते. कुठल्याही कॅमेऱ्याला न दिसलेली जागा यंत्र आजूबाजूचं बघून भरतं, आणि भरलेलं व पाहिलेलं पडद्यावर सारखंच झळकतं. उद्या कुणी अशा चित्रावरून झेल जमिनीला लागला का हे ठरवायला निघालं, तर माझी सही मिळणार नाही.

‘आता हे सगळं एआय करेल ना?’ हा लग्नाच्या पंगतीतला प्रश्न. 2020 चं नर्फ आणि 2023 चं गॉशियन स्प्लॅटिंग, चित्रांवरून दृश्य शिकणाऱ्या या दोन्ही पद्धती सुंदर आहेत. काठाची थरथर त्यांनी बरीच कमी केली. पण दोन्ही मूळ पद्धती कामाला बसण्याआधी विचारतात : कॅमेरे कुठे होते? पुन्हा त्याच टेक्स्ट फायली.

लावणीचं काम आम्ही दिलं. बघणाऱ्याला कुठवर फिरता येईल याची हद्दही मेटाडेटात घालता येते. ती आखून घोट्याच्या उंचीवरून बघणं बंद केलं, कडेचे कोनही छाटले. ‘कुठूनही म्हणाला होतात,’ अशी तक्रार आलीच. पुढच्या चित्रीकरणाच्या कोटेशनमध्ये कॅलिब्रेशन आणि नोंदी अशी वेगळी ओळ टाकून पाठवली. ती तेवढी खोडून बाकी सगळं मंजूर होऊन आलं आहे.