सुलैबियाची टिपणे: आईबापांचं शिक्षण

जागा

सुलैबिया म्हटलं की कुवेतमधल्या माणसाला तीन गोष्टी आठवतात: फर्दा हा भाजीचा घाऊक बाजार, मध्यवर्ती तुरुंग आणि सांडपाणी शुद्ध करणारा अवाढव्य प्रकल्प. त्यांच्याशेजारी बैठ्या घरांच्या वस्तीत बिदून राहतात. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पण नागरिकत्वाचा कागद नाही. मराठी माणूस इथे येतो तो बहुतेक कामापुरता; बिऱ्हाड असलंच तर सालमिया, अब्बासिया नाहीतर मंगाफला. घरात स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल असेल तर त्याच्या आईबापांना शिकवणार कोण, हा प्रश्न सुलैबियात उभं राहून विचारावा. उत्तर चटकन मिळत नाही.

कायदा कुणाचा

कुवेतचा अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१० चा, क्रमांक ८. तो कुवेती नागरिकांना लागू आहे. कुवेती आई आणि परदेशी बाप असलेल्या मुलांना त्यातले आरोग्य, शिक्षण, नोकरी एवढेच भाग. इकाम्यावर, म्हणजे निवासपरवान्यावर, राहणारे आपण त्यात बसत नाही.

आपला कायदा मायदेशी आहे. भारताच्या २०१६ च्या अपंगहक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांत स्वमग्नता आहे. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यातही आहे, आणि त्याच ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. या सगळ्याची किल्ली म्हणजे अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र. सुट्टीवर गेलात की लग्नं-मुंजी नंतर, अर्ज आधी. तपासणीची तारीख सुट्टी संपल्यावरची मिळाली, तर पुढचं वर्ष गेलंच म्हणून समजा.

«गावी नेलं की बोलेल»

गल्फमधल्या घरांत हमखास ऐकू येणारं वाक्य. घरात आजी नाही, शेजारी येणंजाणं नाही, म्हणून पोर गप्प. गावी चार माणसांत टाका, पोपटासारखं बोलेल. हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यात दोन वर्षं निघून जातात. शिवाय त्या वाक्याच्या पोटात एक आरोप आहे: तुम्ही त्याला एकटं वाढवलंत.

हा आरोप जुना आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनरनं स्वमग्न मुलांचं सविस्तर वर्णन केलं. पुढे अमेरिकेत कित्येक वर्षं थंड, माया न करणाऱ्या आयांवर खापर फुटत राहिलं. ते खोडून काढणारं पुस्तक १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंडनं लिहिलं. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि एका स्वमग्न मुलाचा बापही. पुढे नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलरनं आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून उपचारकाच्या शेजारी बसवलं. आईबापांच्या शिक्षणाचा पहिला धडा म्हणूनच हाच असावा: हे तुमच्यामुळे झालेलं नाही. तो शिकल्याशिवाय दुसरा धडा डोक्यात शिरत नाही.

कुवेतची एक आई

कुवेत सेंटर फॉर ऑटिझम सुरू झालं १९९४ मध्ये. उभं करणाऱ्या डॉ. समीरा अल-साद या स्वतः स्वमग्न मुलीच्या आई. दिल्लीतल्या ॲक्शन फॉर ऑटिझमच्या मेरी बरुआ याही एका स्वमग्न मुलाच्या आई. सरकार जागं होण्याआधी आया कामाला लागतात, हे दोन्ही देशांत सारखंच. मेरी बरुआंच्या संस्थेत आई किंवा बाप मुलासह तीन महिने शिकतात. हातात रजा असेल तर ही वाट खरी आहे. मुंबईत उम्मीद हे बालविकास केंद्र स्वमग्न मुलांच्या पालकांचे वर्ग घेतं. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे.

गोव्यानं काय दाखवलं

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा पुरावा आपल्या शेजारचा आहे. संगत ही गोव्यातली संस्था. तिथे आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून ६५ मुलांवर एक चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात आले. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. पद्धत मूळ इंग्लंडातली, इकडच्या घरांसाठी बदलून घेतलेली. पंधरवड्याला एक याप्रमाणे १२ बैठका. आई मुलाशी खेळते, त्याचा व्हिडिओ काढायचा, मग दोघांनी बसून तो पाहायचा आणि कुठे सूर जुळला ते शोधायचं.

आईबाप मुलाच्या कलानं घ्यायला लागले आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. एका मोजमापात मात्र, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याच्या वेळात, घट झाली. तीही संशोधकांनी लपवली नाही. जादू कुठेच नाही. पण तज्ज्ञ नसलेल्या गावातही हे शिक्षण पोचू शकतं, एवढं सिद्ध झालं.

पाहणं

अशा बैठकीत नेमकं काय शिकवतात? पोरगं गाडीची चाकं फिरवत बसलंय. आपण म्हणतो, «गाडी अशी चालव. रंग कुठला? काकांना सांग.» तीन वाक्यांत तीन हुकूम. त्याऐवजी त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं, दुसरी गाडी घेऊन तिचं चाक फिरवायचं, «गर्र गर्र» एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. त्यानं वर पाहिलं, हात पुढे केला, आवाज काढला, की तो त्याचा डाव, मग आपला.

आरडाओरडीचंही तसंच. त्याआधी काय घडलं, मग मुलानं काय केलं, त्यावर आपण काय केलं, हे तीन रकान्यांत लिहून काढायचं. आठवडाभरात कळतं की पोर हट्टी नाही. बकाल्यातल्या (किराणा दुकानातल्या) फ्रीजची घरघर त्याला सोसत नाही.

घरची भाषा

शाळेत इंग्रजी, लिफ्टमध्ये अरबी, शेजारी मल्याळम, घरात मराठी. मूल बोलत नाही म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो: घरी फक्त इंग्रजी बोला. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि आईला ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येतं, बडबडगीत म्हणता येतं, ती काढून घेतली तर खेळायला उरतं काय? चित्रांच्या पाट्यांचीही भीती नको. चित्र दाखवून मागायला शिकल्यानं बोलणं अडत नाही.

उन्हाळा

२१ जुलै २०१६ ला इथल्या मित्रिबाहला ५३.९ अंश नोंदले गेले. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. मुलंही अर्थातच घरात. दोन खोल्या, एसी आणि ऊर्जेनं फुटणारं पोर. दिवसाचा क्रम चित्रांत लावून भिंतीवर चिकटवला की निम्मी झटापट टळते: आधी आंघोळ, नंतर झोका. रोजचा क्रम मोडणार असेल तर चित्र आदल्या रात्री बदलायचं.

बाप

कुटुंब आणायचं तर २०२४ पासून, काही पेशे वगळता, किमान ८०० दिनार पगार लागतो. सुलैबियात राबणाऱ्या बहुतेकांना तो नाही. म्हणजे बाप इथे, आई आणि मूल साताऱ्याला नाहीतर रत्नागिरीला. अशा घराला गोव्याची पद्धत उलट सोयीची. आईनं दहा मिनिटांच्या खेळाचा व्हिडिओ पाठवावा, बापानं शुक्रवारी तो दोनदा पाहावा आणि फोनवर चूक नव्हे, जमलेली जागा सांगावी. फक्त पैसे पाठवणारा बाप एवढ्यानं शिकणारा बाप होतो.

फी भरण्याआधी

उपचारकाला चार प्रश्न विचारा. येत्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं? ते साधलं हे कसं मोजणार? सत्रात मी आत बसू शकते का? घरी मी काय करायचं? जिथे हे प्रश्न आवडत नाहीत, तिथे पैसे भरू नका. स्टेम सेलनं स्वमग्नता बरी करतो म्हणणाऱ्याच्या दारात तर जाऊच नका. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या शिफारशीत हा उपचार नाकारला आहे आणि त्याची जाहिरात म्हणजे गैरवर्तन ठरवलं आहे.

मराठी मंडळांना

जागतिक आरोग्य संघटनेनं २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी तयार केलेला अभ्यासक्रम ९ गटबैठका आणि ३ घरभेटींचा आहे, आणि त्याचं ऑनलाइन रूप फुकट आहे. कुवेतमध्ये गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमींना आपल्याला हॉल मिळतो, माणसं मिळतात, चहावालाही मिळतो. पंधरवड्यातून एक शुक्रवार या आईबापांना द्या. बैठक मराठीत घ्या आणि सुलैबियाहून येणाऱ्यांसाठी गाडीची सोय करा.