डिकीतील जागा

गाडी घ्यावयाची ठरली की घराघरांतून प्रथम जे प्रश्न विचारले जातात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. किती पडेल? लिटरला किती किलोमीटर देते? रंग कोणता? शेजारच्यांनी घेतली तिच्याहून मोठी की लहान? या प्रश्नावलीत डिकीचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो. वास्तविक कुटुंबाचे खरे जीवन पुढच्या काचेत दिसत नाही. ते मागे, डिकीत भरलेले असते. तान्ह्या बाळाची दुपटी, परीक्षेला निघालेल्या मुलाची पुस्तके, लग्नघरी न्यावयाचा आहेर, माहेराहून परतताना मिळालेला केळीचा घड, हे सारे जेथे मावते ती गाडी कुटुंबाची.

मागील पिढीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिच्या दारात गाडी नव्हती. आमच्या वसईच्या बायकांनी भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या लोकलच्या डब्यातून मुंबईला नेल्या. क्वचित कधी टॅक्सी केलीच तर ती काळी-पिवळी पद्मिनी असे, आणि तिच्या टपावरील लोखंडी कॅरिअरवर ट्रंका, वळकट्या नि पेट्या बांधलेल्या असत. अँबॅसडरच्या पोटात तर अवघे बिऱ्हाड मावे, अशी तिची ख्याती. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला. टपावरचे सामान खाली आले, आणि ते ठेवायचे कोठे हा प्रश्न नव्या गाड्यांच्या डिकीपाशी येऊन उभा राहिला.

आमच्या घरी तो अधिकच तीव्रतेने उभा राहिला. माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडल्यापासून ती चाकांच्या खुर्चीचा आधार घेते. घरात चार पावले वॉकरने चालते. बाहेर मात्र खुर्चीवाचून गत्यंतर नाही. आमच्या जुन्या छोट्या गाडीत ती खुर्ची ठेवली की डिकी भरून जाई. मग मुलांच्या पिशव्या मांडीवर, पाण्याच्या बाटल्या पायांत. आई हे सारे पाहत असे. हळूहळू ती म्हणू लागली, "तुम्ही जाऊन या रे. मी घर राखते." आधी लांबचे प्रवास सुटले, मग नातलगांकडील बारसे-साखरपुडे आणि शेवटी रविवारची मिस्साही. सामानाने माणसाची जागा घ्यावी, आणि त्या माणसाने ती निमूटपणे सोडून द्यावी, हे मला सोसवेना. गाडी बदलण्याचा निश्चय झाला तो यासाठी.

शोध सुरू केल्यावर पहिली ओळख झाली ती 'लिटर' या शब्दाची. डिकीचे आकारमान लिटरमध्ये सांगतात. त्याची एक रूढ रीत जर्मनीतील मोटार उत्पादकांच्या संघटनेने घालून दिली आहे. २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ५० उंच असा एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. असे जितके ठोकळे डिकीत रचता येतील तितके तिचे लिटर. रीत शास्त्रशुद्ध खरी. पण आपले सामान काही ठोकळ्यांचे नसते. घडी केलेली आईची खुर्ची मी फीतपट्टीने मोजली. ९० सेंटिमीटर उंच, ८० लांब, ३० जाड. गुणाकार केला तर २१६ लिटर. म्हणजे ३०० लिटरच्या कोणत्याही डिकीत ती सहज जावी! प्रत्यक्षात एका छोट्या सेडानमध्ये ती दोघांनी धरून, तिरपी करून आत सरकवावी लागली, कारण डिकीचे पोट मोठे असले तरी तोंड अरुंद होते. शिवाय खुर्ची आडवी निजल्यावर वर उरली ती दोन पिशव्यांपुरती जागा.

ही सेडान इतकी आखूड का, याचे उत्तर करांच्या नियमांत आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर कमी करण्यात आला. तेव्हापासून उत्पादकांनी गाड्यांची शेपटी छाटण्यास आरंभ केला. मारुतीच्या डिझायरचे उदाहरण बोलके आहे. २००८ साली आलेल्या पहिल्या डिझायरची डिकी ४४० लिटरची होती. चार मीटरच्या मर्यादेत बसविलेल्या २०१२च्या डिझायरची ३१६ लिटरवर आली. पुढील आवृत्तीत ती ३७८ पर्यंत वाढली, तरी जुनी ऐसपैस जागा परतली नाही. लांबीची ती सीमारेषा अजूनही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के, तर मोठ्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे.

दुसरा विचार इंधनाचा. सीएनजीवर दर किलोमीटरचा खर्च कमी, म्हणून सौभाग्यवतीचा कल तिकडे होता. परंतु सुमारे ६० लिटर पाणी मावेल एवढी टाकी डिकीत आडवी बसली की सामानाला कोपरे तेवढे उरतात. २०२३ साली टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसविल्या. युक्ती चांगली, तरीही ३४५ लिटरची जागा २१० वर येतेच. त्यातून टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते ती वेगळीच. आमच्या खुर्चीपुढे सीएनजीची काटकसर हरली.

सात आसनांच्या गाडीत तरी भरपूर जागा असेल, हाही एक भ्रमच. तिसरी रांग उभी असताना रेनोच्या ट्रायबरमध्ये उरतात ८४ लिटर, मारुतीच्या अर्टिगामध्ये २०९. सात माणसे बसतील. त्यांचे सामान मात्र बसणार नाही. पण ही रांग दूर केली की चित्र पालटते. अर्टिगात ५५० लिटर मिळतात, ट्रायबरमध्ये ६२५. अर्टिगा अधिक सशक्त, परंतु सुमारे ४.४ मीटर लांब. तिला कर मोठा, आणि आमच्या वाडीतील वळणावर कुंपण चुकवून तिला वळविणे हा रोजचा व्याप. ट्रायबर चार मीटरच्या आतली. तिच्या तिसऱ्या रांगेतील दोन्ही आसने सुटी निघतात, हे कळल्यावर मी विक्रेत्या मुलाला म्हटले, "एकच काढून दाखवता का?" त्याने एक काढले. त्या मोकळ्या जागी खुर्ची उभी राहिली, आणि शेजारी सहाव्या माणसाची सोय तशीच राहिली.

तिच्यातील उणीवही सांगितली पाहिजे. इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरांचे, शक्ती ७२ अश्वशक्तीच्या आसपास. माणसांनी नि सामानाने भरलेली गाडी कसारा घाट चढताना दमणार. चिरंजीवांना हे रुचले नाही. त्यांचे मन उघडणाऱ्या छपरावर होते. आमच्या कन्येने वाद संपविला. ती म्हणाली, "बाबा, छपरातून आकाश दिसेल, पण आजी दिसणार नाही." त्यानंतर कोणी काही बोलले नाही.

ज्यांना अशीच निवड करावयाची आहे त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगावेसे वाटतात. आपले सर्वांत अडचणीचे सामान दुकानी घेऊन जावे आणि ते स्वतः चढवून पाहावे. डिकीचा उंबरठा कमरेहून फार वर नसावा. जड वस्तू तळाला, मागील आसनाच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात आणि बांधाव्यात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोंची सुटी पिशवी शंभराहून अधिक किलोंच्या जोराने पुढे झेपावते. भरल्या गाडीच्या चाकांत हवा किती असावी ते उत्पादकाच्या तक्त्यात दिलेले असते. प्रवासापूर्वी तो अवश्य वाचावा.

गाडी दारात आली तेव्हा आईने तिच्या रंगाची चौकशी केली नाही. आपली खुर्ची कोठे राहते तेवढे पाहिले, आणि रविवारी किती वाजता निघायचे ते विचारले. हल्ली कोठेही निघताना आमच्या घरी एक शिस्त पाळली जाते. प्रथम खुर्ची चढते, तिचा पट्टा आवळला जातो. मग उरलेल्या जागेत बाकीच्यांचे सामान. जागा पुरली नाही तर एखादी पिशवी घरी राहते.