मा.

सरकारी नोकरानं सरकारवर टीका करू नये, हा नियम मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होता. 1979 च्या वर्तणूक नियमांत ते स्पष्ट आहे, आणि नियम करणाऱ्यांनी टोपणनावाची पळवाटसुद्धा बुजवून ठेवली आहे. तरीही 1993 पासून चार वर्षं मी आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात ‘दवंडी’ या नावानं राजकारणावर लिहीत होतो. दिवसा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकला देत असे, रात्री लेख.

माझं अक्षर कचेरीत सगळ्यांना ओळखू येई, म्हणून लेख बायको उतरवून काढायची. भाकऱ्या झाल्या की ती स्टोव्हशेजारी पाट मांडून बसे. मध्येच पेन थांबवून विचारी, “हे खरंय ना?” मी म्हणे, “तू लिही.”

स्वतःबद्दल माझी समजूत काय होती, हेही सांगून टाकतो. लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिली तेव्हा तेही सरकारी नोकरीतच होते, हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि मनाशी धरून ठेवलं होतं. लोकहितवादींच्या, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांच्या, रांगेत मी स्वतःला बसवत होतो. त्यांनी झोडपलं ते प्रामुख्यानं आपल्याच जातीला, आपल्याच घरच्या रीतींना. मी मात्र ज्यांच्याशी रोज चहा घ्यावा लागत नाही अशांनाच निवडून झोडपत होतो. तहसीलदारांवर ‘दवंडी’नं चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही.

लेख गाजत. सोमवारी अंक आला की कचेरीतला शिपाई मोठ्यानं वाचून दाखवी, आणि मी रजिस्टरमध्ये मान घालून हसत बसे. त्या हसण्याची चटक लागली.

1997 च्या जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुका आल्या. छापखान्याच्या पत्त्यावर ‘दवंडी यांस’ असं लिहिलेलं पाकीट आलं. आत जवाहर विहिरींच्या लाभार्थ्यांच्या यादीची झेरॉक्स. एकाच गावात, एकाच नावावर दोन विहिरी. नाव पंचायत समितीला उभ्या राहिलेल्या एका उमेदवाराचं. यादी टाइप करणाऱ्यानं वडिलांचं नाव पुरतं न देता आद्याक्षर दिलं होतं. दोन्हीकडे ‘मा.’

आता मी कोण? जन्म गेला सातबारा आणि फेरफार बघण्यात. एका गावात एका नावाची दोन माणसं असतात, भावकीत तर चार असतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आठ-अ चा उतारा बघितला असता तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता. पण त्यासाठी त्या गावच्या तलाठ्याला विचारावं लागलं असतं, आणि आठ दिवसांनी लेख छापून आल्यावर त्यानं दोन नि दोन चार केले असते. नाव झाकलेलं राहावं म्हणून मी विचारलं नाही. तेव्हा त्याला मी सावधगिरी म्हणालो. खरं तर टोपणनाव घेतल्यापासून माझं विचारणंच बंद झालं होतं; जे पाकिटातून येई त्यावर मी भाषेची फोडणी देत होतो.

लेखाचं नाव होतं ‘एक नवरा, दोन विहिरी’. बायकोनं उतरवताना विचारलं. मी म्हणालो, “कागद आहे माझ्याजवळ.”

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ कचेरीत आले. धोतर, डोक्याला पांढरा फेटा, हातात पिशवी. माझ्याच टेबलासमोर उभे राहिले. म्हणाले, “साहेब, माझ्या नि त्या दुसऱ्याच्या जमिनीची नक्कल पायजे. आमचा बाप माणिक, त्याचा मारुती. मतदानाच्या आत लोकांना दाखवायचीय.” नकलेला आठवडा लावणाऱ्या मी ती, आता उघडपणे तलाठ्याला विचारून, अर्ध्या तासात काढून दिली. दोन्ही उतारे वाचत वाचत शिक्का मारला. त्यांनी हात जोडले. नकलेची फी मी त्यांच्याकडून मोजून घेतली.

ते पडले. लेखामुळेच पडले असं मी म्हणणार नाही, तिरंगी लढत होती. पण त्यांच्या घराच्या भिंतीवर कोळशानं दोन विहिरी काढलेल्या मी स्वतः एसटीतून बघितल्या.

नोटीस आली ती संपादकांना. त्यांना सगळे गुरुजी म्हणत; शाळेतून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी हे साप्ताहिक काढलं होतं. 1867 च्या कायद्यानं अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून नाव त्यांचं. ‘दवंडी’चा पत्ता कायद्याला ठाऊक नव्हता. मी रात्री मागच्या दारानं छापखान्यात गेलो. गुरुजी रागावले नाहीत, त्यांनी इतिहासाचा तास घेतला. “1882 साली केसरीनं कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर, माधवराव बर्व्यांवर, आरोप केले. हातात पत्रं होती. पत्रं बनावट निघाली. माफी मागूनही टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, एकशे एक दिवस. पण बाळ, ते आत गेले ते आपापल्या नावानं गेले.” मग म्हणाले, “तुझं नाव मी सांगणार नाही. तुला लेकरंबाळं आहेत.” मी नको म्हणालो नाही.

खुलासा तिसऱ्या पानावर, गॅस एजन्सीच्या जाहिरातीखाली, सहा ओळींत आला. लेख पहिल्या पानावर होता. गुरुजी दोन वर्षं तारखांना जात राहिले, शेवटी तडजोड झाली. वकिलाची फी मी अर्धी देऊ केली तेव्हा त्यांनी घेतली. हे मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज अजून आहे.

इथवरचं मी एकदोघांना सांगितलं आहे. पुढचं नाही.

‘दवंडी’ कचेरीतलाच आहे असं वरच्यांना वाटू लागलं होतं, कारण माझ्या लेखांत ‘सबब’, ‘नस्तीबंद’, ‘सदरहू’ असे शब्द गंमत म्हणून येत. कचेरीतला वाचणारा माणूस म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं, आमचे अव्वल कारकून. ते चहाच्या टपरीवर उघड बोलत, वर्तमानपत्रांना स्वतःच्या नावानं पत्रं पाठवत. त्यांची बदली साठ किलोमीटरवर झाली, मुलाचं दहावीचं वर्ष असताना. आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच होतं.

बदली रद्द करण्याचा विनंती अर्ज लिहून घ्यायला ते माझ्याकडे आले. मी लिहून दिला. दीड पानाचा, माझ्या हातचा बहुतेक सर्वांत चांगला मजकूर. वाचून ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या भाषेला धार आहे. लिहीत का नाही तुम्ही?” अर्ज महिन्यानं परत आला. समासात लाल शाईनं ‘अमान्य’.

त्यानंतर ‘दवंडी’ बंद झाली. पश्चात्ताप वगैरे नव्हता, भीती होती.

2011 साली एका लग्नात ते अव्वल कारकून शेजारच्या ताटावर बसले. दोघंही निवृत्त. जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाले, “तो दवंडी कोण होता, मला नंतर कळलं बरं का,” आणि त्यांनी आमच्याच कचेरीतल्या, आता हयात नसलेल्या एका लिपिकाचं नाव घेतलं. “गेला बिचारा. पण माणूस घातकी.”

वाढपी जिलेबी घेऊन आला होता. मी दोन घ्या म्हणून त्यांना आग्रह केला.