पाथर्डीची भाकरी आणि अंगातले लोह

दसरा झाल्यावर अहिल्यानगरहून, म्हणजे आपल्या जुन्या नगरहून, पाथर्डीची एस.टी. धरली. करंजीचा घाट ओलांडला, तिसगाव मागे पडले. दोन्ही अंगांना बाजरी काढलेली रिकामी रानं दिसू लागली. हा तालुका अवर्षणाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी बिऱ्हाडे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात.

मोहटादेवीचे दर्शन घेऊन एका नातलगाकडे उतरलो. ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा. वहिनी सगळ्यांच्या मागून जेवल्या आणि लगेच चहा घेऊन बसल्या. चेहरा पांढुरका, उठताना चौकट धरायच्या.

"भाऊजी, चक्कर येती हो. आठ दिवसांनी फडावर जायचंय. रोज बाजरी खाते, तरी रक्त कमी कसं?"

प्रश्न बरोबर होता. रक्ताचा लाल रंग लोहामुळे, आणि अंगभर प्राणवायू पोचतो तोही त्याच्याच जोरावर. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. चिमटीतल्या मिठाहूनही कमी. तरी २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळले.

बाजरीत लोह आहे, जस्तही आहे. पण धान्यातले फायटेट हे द्रव्य त्यांना धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी अडते. उलट लिंबू, आवळा, पेरू सोबत असला की लोह सुटते. धान्य-कडधान्य भिजवले, मोड आणले, आंबवले, तरी फायटेट कमी होते. आपली मोडाची मटकी उगाच नाही!

बियाणेही पाहावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था यांनी 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण काढला. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रासाठी आला. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. तो संकरित नाही, म्हणून घरचे बी राखता येते; मात्र शेजारच्या बाजरीशी परागसंकर होतो, तेव्हा दोन-तीन वर्षांनी बी बदलावे. महाराष्ट्रातच १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर अशा लोहयुक्त बाजरीच्या भाकरीचा प्रयोग झाला. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: ज्यांच्या अंगात लोह कमी होते, त्यांची कमतरता भरून निघण्याचे प्रमाण साध्या बाजरीपेक्षा दीडपटीहून जास्त.

पण चक्कर येण्याइतके रक्त कमी झाले, तर नुसत्या भाकरीवर भागत नाही. आरोग्य केंद्रात रक्त तपासावे, डॉक्टर सांगतील तशा गोळ्या घ्याव्यात. दादांनी हे ऐकले आणि फडावर निघण्याआधी वहिनींना तपासून आणायचे कबूल केले.

रात्री वहिनींचे ताट आमच्या पंगतीतच वाढले. उसळीवर लिंबू पिळले. चहा काही सुटला नाही. पण चूल पेटली ती तासाभराने!