शब्दावाचून व्याख्यान

दोन हा आकडा सदुसष्ट वेळा मांडून त्या सर्वांचा गुणाकार करावा आणि उत्तरातून एक वजा करावा. जी संख्या हाती येते ती अशी: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकांच्या या संख्येचे रहस्य उलगडण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

ज्या संख्येस एक व ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळसंख्या म्हणतात. वरील कृतीत दोन हा आकडा दोनदा, तीनदा, पाचदा किंवा सातदा घेतला, तर ३, ७, ३१ आणि १२७ या मूळसंख्या मिळतात. अकरा वेळा घेतल्यास मात्र २०४७ ही संख्या येते. आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. फ्रान्समधील मेर्सेन या विद्वान ख्रिस्ती संन्याशांनी अशा संख्यांचा विचार केला होता. १६४४ साली त्यांनी लिहिले, की सदुसष्ट वेळा दोन घेऊन होणारी संख्या मूळसंख्याच आहे. एवढ्या प्रचंड संख्येची परीक्षा घेणे त्या काळी कोणाच्या आवाक्यात होते? थोरांचा शब्द तसाच राहिला.

पुढे १८७६ साली फ्रान्समधीलच ल्युका या गणितज्ञांनी एका नव्या कसोटीने सिद्ध केले, की ही मूळसंख्या नव्हे. तथापि तिचे अवयव कोणते, हे त्या कसोटीतून कळत नव्हते. कुलूप उघडते एवढे समजले. किल्ली मात्र सापडली नव्हती.

१९०३ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणितज्ञांची सभा भरली. प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल व्याख्यानासाठी उठले. त्या प्रसंगाची हकीकत अशी सांगतात, की ते एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेले. एका बाजूस त्यांनी ती एकवीस अंकी संख्या गणित करून मांडली. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. हे अवयव शोधण्यास किती काळ लागला, असे पुढे विचारता त्यांनी उत्तर दिले, “तीन वर्षांचे रविवार.”

आज हेच काम संगणक क्षणार्धात करतो. पण त्या रविवारांचे मोल त्यामुळे उणे होत नाही. जे शोधण्यास तीन वर्षे लागली, त्याचा पडताळा शाळेतील मुलगा किंवा मुलगीही पाटीवर गुणाकार करून पाहू शकते. मेर्सेन थोर होते, तरी त्यांचे विधान चुकले. कोल काही बोलले नाहीत, तरी त्यांचे म्हणणे सर्वांना पटले. गणितात सांगणारा कोण, हे पाहावे लागत नाही. उत्तर जुळते की नाही, एवढेच पाहावे लागते.